भौगोलिक सीमाचौकट

भौगोलिक सीमाचौकट किंवा बाउंडिंग बॉक्स म्हणजे पृथ्वीवरील एखादे क्षेत्र पूर्णपणे सामावून घेणारा, अक्षवृत्ते व रेखावृत्ते यांवरून बाजू जाणारा सर्वांत लहान आयत होय. संगणकीय आज्ञावलीत तो पश्चिम, दक्षिण, पूर्व व उत्तर सीमा दर्शवणाऱ्या चार संख्यांनी मांडतात. एखादे स्थान या आयतात आहे की नाही, हे सहसा चार तुलनांनीच ठरते. म्हणून भौगोलिक माहितीच्या प्राथमिक शोधासाठी त्याचा उपयोग होतो.

संख्यांचा क्रम

जिओजेसन या मानकात (आरएफसी ७९४६, २०१६) रेखांश आधी, तर लीफलेट या नकाशे दाखवणाऱ्या प्रणालीत अक्षांश आधी लिहितात. धुळे शहर सुमारे २०.९° उत्तर अक्षांश व ७४.८° पूर्व रेखांशावर आहे. या संख्यांची अदलाबदल झाल्यास ते नॉर्वेच्या उत्तरेस, बॅरेंट्स समुद्रात दिसते. दोन्ही संख्या ९० पेक्षा कमी असल्याने केवळ मर्यादा तपासून ही चूक सापडत नाही.

मर्यादा

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. तरीही नंदुरबार शहर आजच्या धुळे जिल्ह्याच्या सीमाचौकटीत येते. साक्री तालुका त्या शहराच्या पश्चिमेकडे आणि शिरपूर तालुका उत्तरेकडे अधिक दूरवर पसरलेला आहे, तर धुळे शहर त्याच्या आग्नेयेस आहे. परिणामी, केवळ चौकटीवरून केलेल्या यादीत शेजारच्या जिल्ह्यातील गावेही शिरतात. अचूक निर्णयासाठी चौकटीने निवडलेले प्रत्येक स्थान जिल्ह्याच्या प्रत्यक्ष सीमारेषेशी पुन्हा ताडून पाहावे लागते.