बिब्ब्याची ॲलर्जी

बिब्बा (भिलावा, सेमेकार्पस ॲनाकार्डियम) या फळाच्या टरफलातील काळ्या तेलामुळे होणारा त्वचादाह. बोलीत याला ‘बिब्बा उतणे’ म्हणतात. वाशीमसह विदर्भाच्या पानझडी जंगलांत हे झाड वाढते. आंबा आणि काजू त्याचेच भाऊबंद.

गोम म्हणजे, फळ विषारी, तरी खाण्याजोगेही. काळ्या बीच्या वरचा नारिंगी मांसल भाग वाळवून खातात आणि आतली गोडंबी थंडीच्या लाडवांत पडते. मधल्या टरफलात मात्र भिलावनॉल ही फेनॉलवर्गीय द्रव्ये असतात. गोडंबीसाठी बिब्बे फोडणाऱ्यांच्या हातांवर त्यांचे चटके आणि काळे डाग उमटतात.

ॲलर्जी लगेच दिसत नाही. एकदा शरीराने हे द्रव्य ‘ओळखले’, की पुढच्या स्पर्शानंतर साधारण एक-दोन दिवसांत खाज, सूज, पाणीदार फोड येतात. अशा माणसाला आंब्याचा चीकही बाधू शकतो. ओठांभोवती पुरळ उठते आणि दोष गराला दिला जातो.

धोबी याच तेलाने कपड्यांवर खुणा करीत. दुसऱ्या महायुद्धात भारतातील अमेरिकी सैनिकांच्या अंगावर त्या खुणांखालीच चट्टे उठले. 1943 मध्ये त्यांच्या डॉक्टरांनी त्याची नोंद केली.

तेल लागताच साबण-पाण्याने धुवावे. फोड पसरल्यास त्वचारोगतज्ज्ञ गाठावा.