पालखीतला कुत्रा आणि ओट्यावरचा कुत्रा

मोगल काळात सुरतेहून बऱ्हाणपूरकडे जाणारा राजमार्ग नंदुरबार, थाळनेर, चोपडा असे टप्पे घेत रावेरवरून जात असे. नोव्हेंबर १६१५ मध्ये इंग्रज वकील सर टॉमस रो याच वाटेने बऱ्हाणपुरास पोहोचला. पुढे जहांगीराच्या दरबारात त्याच्याकडे ज्या विलायती चिजांची मागणी होत राहिली, त्यांत चित्रे होती, घोडा होता आणि कुत्रेही होते.

रोचा धर्मोपदेशक एडवर्ड टेरी याने अशा कुत्र्यांची हकीकत लिहून ठेवली आहे. इंग्लंडहून आठ मॅस्टिफ निघाले. हिंदुस्थानात जिवंत पोहोचले ते दोनच. बादशहाने त्या प्रत्येकामागे चार चाकर नेमले. दोघांनी त्याला पालखीतून वाहायचे, दोघांनी वारा घालायचा आणि माश्या हाकायच्या. स्वहस्ते भरवता यावे म्हणून बादशहाने चांदीचा चिमटाही घडवून घेतला.

परक्या मुलखातला प्राणी नव्या घरात रुळवण्याची ही बादशाही रीत. तिच्यात कुत्र्याला शिकवण्याजोगे काही नव्हते. शिकायचे ते चाकरांनी.

याच खानदेशातून १७०७ मध्ये मोगलांच्या कैदेतून सुटलेले शाहू महाराज स्वराज्यात परतले. त्यांच्या लाडक्या कुत्र्याची कथा ग्रँट डफने दिली आहे. शिकारीत झेप घेण्याच्या बेतात असलेल्या वाघाचा सुगावा त्या कुत्र्याने लावला आणि महाराजांचे प्राण वाचले. त्याबद्दल त्याला जहागिरीची आणि पालखीच्या मानाची सनद मिळाली, आणि पालखीचा सरंजामही रीतसर चालू राहिला. डफ याला राजाची लहर समजतो. ज्याचा जीव वाचला, त्याला ती लहर वाटली नसावी! साताऱ्याजवळ संगम माहुलीला या कुत्र्याची समाधी आजही दाखवतात.

मात्र पालखीतले कुत्रे हा अपवाद. खानदेशातल्या सामान्य घरचा कुत्रा उंबऱ्याबाहेरचा. धाब्याचे घर, पुढे ओटा, मागे गोठा, पलीकडे उकिरडा. एवढ्या परिसरात त्याचे सारे आयुष्य जाई. भाकरीचा तुकडा त्याला रोज मिळे, खंडोबाचा म्हणून आणि दत्ताच्या पायाशी बसणारा म्हणून मानही मिळे. पण चुलीपर्यंत आणि देवघरापर्यंत त्याची वाट नव्हती.

म्हणूनच ‘पिल्लाला शिस्त कशी लावावी’ हा प्रश्न त्या घरांत फारसा उभाच राहिला नाही. कुत्र्याचे पिल्लू तीन आठवड्यांचे झाले, पाय धरू लागले, की आपली झोपण्याची जागा सोडून दूर जाऊन विधी उरकू लागते. ओट्याखाली जन्मलेले पिल्लू आईमागून परसात जाई आणि मातीचा वास ओळखू लागे. चुकून सारवलेल्या जमिनीवर घाण झालीच, तर वर राख टाकायची, उचलायचे आणि पुन्हा सारवायचे. शिकवणारी आईच असे. माणसाने दार उघडे ठेवले की पुरे.

लहान जातीच्या कुत्र्यांचा इतिहास मात्र उंबऱ्याच्या आत घडला, आणि तोही बहुधा राजवाड्यांत. १८६० मध्ये पेकिंगजवळचा उन्हाळी राजवाडा लुटला गेला, तेव्हा तिथला एक पेकिनीज राणी व्हिक्टोरियाला नजर झाला; त्याचे नाव ‘लूटी’ ठेवले गेले. नाव ठेवणाऱ्यांना त्यात काही वावगे वाटले नाही, हे विशेष. १८८८ मध्ये याच राणीने फ्लॉरेन्सहून लहान चणीचे पॉमेरेनियन आणले आणि त्यांची चाल पडली. बाल्टिक किनाऱ्यावरच्या थोराड कुत्र्यांचे हे वंशज. अंगावरची लोकर थंडीतली, मूत्राशय मात्र इवलेसे. वाड्यांमध्ये त्यांच्यामागे पुसायला माणसे होती.

आज रावेरच्या एखाद्या घरात असे पिल्लू टोपलीतून येते, तेव्हा पालखीचा सरंजाम येत नाही. फरशी गुळगुळीत, दार बंद, बाहेर वैशाखाचे ४५ अंशांच्या आसपासचे ऊन आणि आई मागे राहिलेली. पहिल्या रात्री ते रडते आणि सकाळी फरशी ओली सापडते. मग त्याचे नाक त्यात घासण्याचा सल्ला कोणीतरी हमखास देतो. तसे केल्याने पिल्लू एवढेच शिकते, की माणसासमोर विधी करू नये. पुढे ते पलंगामागे लपून करते.

२०१७ च्या केंद्रीय नियमांनी आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकण्यास मनाई केली आहे. आई आणि भावंडांसोबतचे तेवढे दिवस त्याला मिळायलाच हवेत. त्यानंतरचे काम घरच्यांचे: झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर दर खेपेस त्याच एका कोपऱ्यात न्यायचे, तिथे त्याच्याच वासाचे पोते ठेवायचे, उरकले की लगेच शाबासकी द्यायची. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला दिवसा दोन-तीन तासांपलीकडे धरवत नाही, म्हणून रात्रीही एकदा उठावे लागते. जहांगिराने चौघांवर सोपवलेली चाकरी इथे बहुधा घरातली थोरली मुलगी एकटीच करते.