डोळ्याच्या बाहुलीची साक्ष

धागा थोडा लांब आहे. पण ज्यांना वस्तूंच्या आणि पडद्यांच्या रचनेत रस आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचावा.

शिकागो विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ एकहार्ड हेस एका रात्री अंथरुणात पडून प्राण्यांच्या सुंदर छायाचित्रांचे पुस्तक चाळत होते. पत्नीने सहज पाहिले आणि म्हटले, उजेड कमी असावा, तुमच्या बाहुल्या फार मोठ्या झाल्या आहेत. उजेड तर पुरेसा होता!

सकाळी प्रयोगशाळेत त्यांनी साहाय्यक जेम्स पोल्ट यांना काही चित्रे एकेक करून दाखवली. बहुतेक निसर्गदृश्ये, त्यांत एकच मादक स्त्रीचित्र. कोणते चित्र केव्हा येते हे हेस यांना दिसत नव्हते. पोल्ट यांच्या बाहुल्या अचानक विस्फारल्या, तेव्हा त्यांनी चित्र उलटून पाहिले. तेच होते. (आजची नीतिसमिती याला परवानगी देईल, असे वाटत नाही.)

१९६० मध्ये दोघांचा निबंध ‘सायन्स’मध्ये आला. शरीरावरून भावना वाचण्याचा प्रयत्न नवा नव्हता. भावनेसरशी त्वचेची विद्युतवाहकता बदलते, हे फ्रान्समध्ये शार्ल फेरे यांनी १८८८ मध्येच नोंदवले होते. नवी होती ती बाजारपेठेची उत्सुकता. विचारले की लोक भिडेखातर ‘छान आहे’ म्हणतात. बाहुलीला भीड नसते. १९६४ मध्ये हर्बर्ट क्रुगमन यांनी शुभेच्छापत्रे आणि चांदीच्या काटे-चमच्यांवरील नक्षी यांची पारख बाहुलीच्या मापाने करून पाहिली.

हेस यांचा सिद्धान्त सुटसुटीत होता: आवडले की बाहुली विस्फारते, नावडले की आकुंचन पावते. पहिला भाग टिकला, दुसरा इतरांच्या प्रयोगांत टिकला नाही. चित्र उजळ असले तरी बाहुली आकसते. भीतीने ती विस्फारते. आणि गंमत अशी की, अवघड गुणाकार मनात करतानाही ती विस्फारते, हे खुद्द हेस आणि पोल्ट यांनीच १९६४ मध्ये दाखवले होते.

म्हणजे गोंधळात टाकणारा फॉर्म आणि मोहक फॉर्म, दोन्ही बाहुलीला सारखेच. रचनाकाराने केवळ हे माप धरले, तर लोकांची दमछाक त्याला पसंती वाटेल. शरीर उत्तेजनेची तीव्रता सांगते, ती सुखाची की दुःखाची हे नाही. मार्गारेट ब्रॅडली आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हे पुन्हा तपासले: सुखद आणि क्लेशकारक, दोन्ही चित्रांनी बाहुल्या मोठ्या झाल्या.

म्हणून अशा प्रयोगांत आज यंत्राशेजारी बहुधा एक साधा कागद असतो. त्यावर हसऱ्यापासून रडव्यापर्यंत छोट्या मानवाकृती काढलेल्या असतात, आणि माणसाला विचारले जाते: यांपैकी तुम्ही कोणते?