पायी गाठता येणारे जबलपूर

जबलपूरचा इतिहास सांगताना आपण गोंड राजांच्या गढ्यापासून आरंभ करतो आणि ते उचितच आहे. मात्र आज आपण ज्याला ‘शहर’ म्हणतो, ते फुहारा, कमानिया गेट, सराफा, कोतवाली, लार्डगंज अशा दाट वस्तीचे जबलपूर महत्त्वास चढले ते मराठ्यांच्या काळात. १७८१ मध्ये गढा-मंडल्याचे राज्य सागरच्या मराठ्यांकडे आले आणि त्यांनी कारभाराचे ठाणे जबलपुरात केले. १७९८ मध्ये हा मुलूख नागपूरकर भोसल्यांना मिळाला आणि डिसेंबर १८१७ मधील लढाईनंतर तो इंग्रजांच्या हाती गेला. मराठी सत्ता येथे उणीपुरी छत्तीस वर्षे टिकली.

मराठी माणसे मात्र त्यानंतरही येतच राहिली. १८६१ मध्ये स्थापन झालेल्या मध्य प्रांताची राजधानी नागपूर होती. त्यामुळे तिकडून जबलपुरास बदली होऊन येणाऱ्याला आपण परप्रांतात आलो असे वाटत नसे. मार्च १८७० मध्ये मुंबई व कलकत्ता येथून निघालेले लोहमार्ग येथे जोडले गेले आणि १९०४ मध्ये गन कॅरेज फॅक्टरी उभी राहिली. कचेरी, रेल्वे, कारखाना आणि शाळा यांच्या आश्रयाने मराठी बिऱ्हाडे स्थिरावली.

या शहराचा मोठा गुण असा, की ते पायी गाठता येत असे. फुहाऱ्यापासून निघालेला माणूस भाजी, किराणा, सराफाची पेढी आणि देवदर्शन उरकून सावकाश घरी परतू शके. इतिहासही याच वाटांवर घडला. १८ मार्च १९२३ रोजी पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली टाउन हॉलवर तिरंगा फडकला आणि येथे पेटलेला झेंडा सत्याग्रह पुढे नागपुरास पोचला. कमानिया गेट १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसची आठवण देत उभे आहे. १९२० मध्ये ‘कर्मवीर’ पत्र येथूनच निघाले. त्याच्या उभारणीत पुढाकार घेणारे माधवराव सप्रे मराठी भाषक होते. ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ त्यांनीच हिंदीत नेले. घरात मराठी आणि रस्त्यावर हिंदी हे सप्र्यांचे द्वैभाषिक जीवन पुढे आपल्या विद्यार्थ्यांच्याही वाट्याला आले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. जबलपुरास उच्च न्यायालय मिळाले. परंतु नागपूर आणि विदर्भ मुंबई राज्यात गेले. हिंदी व मराठी या दोन्ही राजभाषा असलेल्या प्रांतातील येथील मराठी माणूस घर न सोडता भाषिक अल्पसंख्य झाला. त्यानंतर मराठी माध्यमाच्या शाळेला राजधानीचे पाठबळ उरले नाही. आधार राहिला तो शेजाराचा. मूल चालत शाळेत येई. वाटेत ओळखीचे चार लोक मराठीत त्याची विचारपूस करीत आणि दुकानदार हिंदीत. दोन्ही भाषा त्याला चालता चालता येत.

हा शेजार आता विरळ झाला आहे. २२ मे १९९७ च्या भूकंपाने अनेक जुन्या घरांना तडे गेले. वाटण्या झाल्या, घरे लहान पडू लागली आणि कुटुंबे दूरच्या वसाहतींत राहावयास गेली. त्यांना दोष कसा देणार? मोकळी हवा आणि प्रशस्त खोल्या कोणाला नकोत? परंतु अंतर वाढले, की मूल रिक्षात बसते आणि वाटेवरची मराठी त्याच्या कानी पडेनाशी होते. मग मराठी माध्यमाची निवडही अवघड वाटू लागते.

हीरक महोत्सव साजरा करताना केवळ इमारतीचा आणि निकालांचा आढावा पुरेसा नाही. ही शाळा ज्या पायवाटांवर वाढली, त्यांचेही स्मरण हवे. माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी एखाद्या रविवारी मुलांना फुहाऱ्यापाशी घेऊन यावे, कमानिया गेटखालून सराफ्यात न्यावे, टाउन हॉल दाखवावा आणि वाटभर त्यांच्याशी मराठीत बोलावे. एवढे अंतर अजूनही पायी चालण्याजोगे आहे.