कॉफी कुठून आणता?

मंडळी, आमच्याकडे येणारी माणसं दोन गोष्टी हमखास विचारतात. एक माझ्या गुडघ्यांबद्दल आणि दुसरी कॉफीबद्दल. गुडघ्यांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. कॉफीचं मात्र धाकट्या जावेपासून पुतण्याच्या सासूबाईंपर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय, "कॉफी कुठली वापरता हो? आणि बिया आणता कुठून?"

थोडक्यात उत्तर असं: माटुंग्याहून. स्टेशनच्या पूर्वेला उतरलं की दाक्षिणात्य वस्तीचा बाजार लागतो, तिथे फुलांच्या आणि केळीच्या पानांच्या दुकानांच्या आसपास कॉफी भाजून, समोर दळून देणारी जुनी दुकानं आहेत. 'मैसूर कन्सर्न्स' हे नाव मुंबईकरांना माहीत असेलच. मी पाव किलो घेते. निम्मी 'प्लँटेशन ए', निम्मी 'पीबेरी', चिकोरी नाही. झालं उत्तर.

पण बी.ए.ला इतिहास मराठीतून केला आणि पुढे जन्मभर तोच शिकवला, त्यामुळे एवढ्यावर थांबवत नाही. "तुमची आवडती कॉफी कुठल्या मळ्याची?" हा प्रश्न आपल्या देशात विचारता येऊ लागून जेमतेम तीस वर्षं झाली आहेत. त्याआधी चोपन्न वर्षं या प्रश्नाला उत्तरच नव्हतं. बी कुठल्या मळ्यात पिकली हे दुकानदाराला सांगता येत नसे, आणि बहुतेकदा तिच्या मालकालाही माग लागत नसे. कसं ते सांगते.

सुरुवातीची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. बाबा बुडन नावाचे सूफी संत सतराव्या शतकात हजला गेले. अरब लोक रुजणारी बी बाहेर जाऊ देत नसत म्हणे, म्हणून यांनी सात बिया अंगावर लपवून आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या. सातच का? तर सात हा शुभ आकडा. ही दंतकथा आहे, तशीच घ्यावी. पण त्या डोंगराचं नाव आजही बाबा बुडनगिरी आहे आणि तिथे कॉफी पिकते, हे खरं. पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी म्हैसूर, कोडगू, वायनाड भागात मोठे मळे काढले. १८६९पासून सिलोनमध्ये पानांवर तांबेरा रोग पडला आणि तिथली कॉफी बसली, लोक चहाकडे वळले. आपल्याकडेही तो रोग आलाच. त्यावर उतारा शोधण्यासाठी १९२५ साली बाळेहोन्नूरला संशोधन केंद्र निघालं. तिथे तयार झालेला 'एस. ७९५' हा वाण १९४०च्या दशकापासून आजपर्यंत लावला जातो. बघा, इतक्या चवदार कॉफीला नाव काय, तर हजेरीपटावरचा नंबर. :-)

आपण मराठी माणसं मुळात चहावाली. कॉफी म्हणजे दुधात उकळून, साखर आणि जायफळ घालून, पाहुण्यांना किंवा उपासाला. मुंबईत ती घराघरांत नेली एका पारशी गृहस्थांनी. पेस्तनजी एदलजी दलाल यांनी १८८८ साली कॉफी भाजून दळून विकायला सुरुवात केली आणि तिच्यात चिकोरी मिसळून 'पोल्सनची फ्रेंच कॉफी' खपवली. हो, तेच पोल्सन, ज्यांचं लोणी प्रसिद्ध होतं आणि ज्यांच्या आणंदच्या डेअरीशी झालेल्या दूधउत्पादकांच्या भांडणातून १९४६ साली खेड्याची सहकारी चळवळ उभी राहिली. चिकोरी म्हणजे एका झाडाचं मूळ, भाजून केलेली पूड. तिने रंग येतो, दाटपणा येतो आणि खर्च कमी होतो. पुष्कळांना ती चवच कॉफीची वाटते. त्यात गैर काही नाही, मला चालत नाही इतकंच.

आता मुख्य गोष्ट. १९३०च्या मंदीत कॉफीचे भाव कोसळले. १९३५ साली कायदा करून कॉफीवर उपकर बसवला आणि त्याच्या पैशांतून देशात कॉफीचा खप वाढवायचं ठरलं. त्यातूनच १९३६ साली मुंबईत चर्चगेटला पहिलं कॉफी हाऊस निघालं. मग दुसरं महायुद्ध आलं, युरोपची गिऱ्हाइकं तुटली. पिकलेली कॉफी विकायची कुठे? सरकारने १९४० साली वटहुकूम काढला आणि १९४२ साली कॉफी कायदा केला. त्याने 'पूल' आला.

पूल म्हणजे काय, ते वर्गात समजावतात तसं सांगते. समजा गावातल्या प्रत्येक घराने आपलं सगळं दूध एकाच हंड्यात ओतायचं. बियाण्यापुरती आणि घरच्यापुरती थोडी कॉफी ठेवून बाकी सगळी कॉफी बोर्डाकडे द्यायची, असा कायदाच होता. बाहेर विकली तर गुन्हा. माल साफ करणाऱ्या कारखान्यांत, म्हणजे 'क्युरिंग वर्क्स'मध्ये, तो जाई. तिथे टरफल काढून, चाळण्या लावून प्रती ठरत. 'प्लँटेशन ए' हे नाव तिथलंच. फळाचा गर धुऊन काढलेली अरेबिका आणि साडेसहा मिलिमीटरहून थोड्या मोठ्या भोकांच्या चाळणीवर राहणारा दाणा, एवढाच त्याचा अर्थ. पीबेरी म्हणजे फळात दोन चपट्या बियांऐवजी एकच गोल बी तयार होते ती. फळ तसंच उन्हात वाळवलं तर ती 'चेरी'. ही सगळी नावं आकाराची आणि प्रक्रियेची आहेत. गावाचं नाव नाही, मळ्याचं नाही, माणसाचं तर नाहीच.

प्रतीप्रमाणे गुण मिळायचे, बोर्ड लिलावात माल विकायचं, आणि सगळ्या विक्रीची सरासरी काढून गुणांप्रमाणे पैसे हप्त्याहप्त्याने मिळायचे. एका शेतकऱ्याने पिकलेली लाल फळंच तेवढी वेचली, सावली नीट राखली, आणि शेजाऱ्याने कशीबशी कॉफी काढली, तरी दाणा एकाच चाळणीवर राहिला की दोघांना भाव एकच. वर्गात पहिल्या आणि काठावर पास झालेल्या मुलाला सरासरी गुण दिले, तर पुढच्या वर्षी पहिला मुलगा अभ्यास करील का, हे मी तीस वर्षं पाहिलेल्या शिक्षकांना विचारायला नको!

पण ही बाजू एकतर्फी मांडू नये. युद्धाच्या काळात पूल नसता तर लहान शेतकरी बुडाला असता. भाव पडला तरी पैसे मिळण्याची खात्री होती, आणि दोन एकरवाल्याला व्यापाऱ्याच्या दारात उभं राहावं लागत नव्हतं. माझी तक्रार आहे ती युद्ध संपल्यावरही ही व्यवस्था पन्नास वर्षं तशीच राहिली याबद्दल.

(मधेच एक सांगून टाकते. बोर्डाने चालवलेली कॉफी हाऊस १९५०च्या दशकात बंद करायचा निर्णय झाला, माणसं बेकार झाली. तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी कामगारांना सहकारी संस्था काढायला लावल्या. १९५७ साली दिल्लीत आणि १९५८ साली त्रिशूरला कामगारांच्या मालकीची 'इंडियन कॉफी हाऊस' उभी राहिली. तुरेवाल्या फेट्यातले वाढपी आठवतात ना, तेच. हा एक स्वतंत्र विषय आहे.)

पूल मोडला तो बाहेरच्या धक्क्यांनी. १९८९ साली आंतरराष्ट्रीय कॉफी कराराचे कोटे संपले. १९९१ साली आपलं मोठं गिऱ्हाईक असलेलं सोव्हिएत युनियनच उरलं नाही. त्याच सुमारास आपल्याकडे उदारीकरण सुरू झालं. १९९२पासून मळेवाल्यांना थोडा थोडा माल स्वतः विकायची परवानगी मिळाली. १९९४ साली ब्राझीलमध्ये हिमतुषार पडून पीक जळालं, जगात भाव भडकले, आणि मोकळ्या विक्रीची गोडी सगळ्यांना कळली. १९९६ साली पूल संपला. बंगळूरच्या ब्रिगेड रोडवर पहिलं 'कॅफे कॉफी डे' उघडलं तेही १९९६ सालीच.

म्हणजे बियांना आपलं गाव परत मिळालं. आज पुड्यावर मळ्याचं नाव, उंची, भाजल्याची तारीखसुद्धा असते. २०१९ साली कोडगू, चिकमगळूर आणि बाबा बुडनगिरीची अरेबिका, वायनाडची रोबस्टा आणि आंध्रातल्या अराकू खोऱ्याची अरेबिका अशा पाच कॉफींना भौगोलिक मानांकन मिळालं. पावसाळी वाऱ्यात फुगवून पिवळट केलेल्या 'मॉन्सून्ड मलबार'ला ते आधीच मिळालं होतं.

परत मिळालं, पण सगळ्यांना नाही. पुड्यावर नाव येतं ते बहुतेक मोठ्या मळ्यांचं. आपल्याकडचे बहुसंख्य कॉफी शेतकरी दहा हेक्टरांच्या आतले आहेत. त्यांचा माल आजही मळ्याच्या दारातच व्यापारी घेऊन जातो आणि दुसऱ्याच्या मालात मिसळतो. हंडा गेला, पण त्यांचं दूध अजून एकत्रच ओतलं जातं, फक्त हंड्याचा मालक बदलला. २००१-०२ साली जगातले भाव रसातळाला गेले तेव्हा त्यांच्यामागे पूल नव्हता. अलीकडे, २०२४-२५ साली, भाव विक्रमी चढले तेव्हा मात्र त्यांचंही बरं झालं. अराकूच्या आदिवासी शेतकऱ्यांनी सहकारी संस्थेमार्फत स्वतःच्या खोऱ्याचं नाव पॅरिसच्या दुकानापर्यंत नेलं, ते मला म्हणून फार मोलाचं वाटतं.

तेव्हा पुतण्याच्या सासूबाईंना माझं सांगणं असं. माटुंग्याला जमेल तेव्हा जा, जमत नसेल तर घरपोच मागवा. मळ्याचं किंवा शेतकऱ्यांच्या संस्थेचं नाव असलेला पुडा मिळाला तर तो घ्या, चार पैसे जास्त पडतील. भाजल्याची तारीख बघा. चिकोरीचं प्रमाण बारीक अक्षरांत छापलेलं असतं, चष्मा लावून वाचा. कायद्याने ते एकोणपन्नास टक्क्यांपर्यंत असू शकतं. रोबस्टाला नाकं मुरडू नका, आपल्या देशातली बहुतेक कॉफी तीच आहे आणि दुधाच्या कॉफीला तिचा कडकपणा शोभतो. पाव किलोच्या वर एकदम घेऊ नका, दळलेली पूड तीन आठवड्यांत उतरते. आणि डबा फ्रिजमध्ये ठेवू नका, लसणीचा वास लागतो.