रेडिओवरचे तात्या आणि आपल्या गोष्टी

आम्ही तुळजापूर तालुक्यातल्या जळकोटच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. रेडिओवर बोला म्हटलं की आपल्यातली कुणीतरी लगेच मागं सरते. म्हणते, "मला काय येतंय? मी कुठं शिकलेय?" म्हणून आज एका माणसाची हकिकत सांगतो. त्यांची शाळा अर्ध्यात सुटली, तरी ते मोठे लेखक झाले, आणि आयुष्यातला मोठा काळ रेडिओत खेड्यांसाठी काम करत राहिले. त्यांचं नाव व्यंकटेश माडगूळकर. लोक त्यांना तात्या म्हणायचे.

तात्यांचा जन्म १९२७ सालचा, आत्ताच्या सांगली जिल्ह्यात आटपाडी तालुक्यातल्या माडगूळचा. हा माणदेश. आपल्यासारखाच कमी पावसाचा मुलूख. १९४२ च्या चळवळीत ते पडले आणि शाळा राहून गेली. पुढं काही दिवस त्यांनी खेड्यात मास्तरकी केली. चित्रं काढायचाही त्यांना नाद होता. १९४९ साली त्यांचं 'माणदेशी माणसं' हे पुस्तक आलं. त्यात राजे नाहीत की पुढारी नाहीत. गावातली साधी, गरीब माणसं आहेत, आणि ती गावच्याच बोलीत बोलतात. अशा माणसांवर पुस्तक होऊ शकतं, हे तेव्हा पुष्कळांना नवीन होतं.

१९५५ साली 'बनगरवाडी' आली. धनगरांच्या वाडीवर एक पोरगेला मास्तर शाळा चालवायला जातो. हळूहळू वाडी त्याला आपला मानते. शेवटी दुष्काळ पडतो आणि मेंढरं घेऊन माणसं वाडी सोडून जातात. आपल्यातल्या थोरल्या बायांनी १९७२ चा दुष्काळ सोसलाय. त्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

त्याच सुमारास तात्या पुण्याच्या आकाशवाणीत लागले. ते केंद्र १९५३ साली सुरू झालं होतं. तात्यांकडं काम आलं खेड्यातल्या लोकांसाठीच्या कार्यक्रमांचं. पुस्तकाचं पान समजलं नाही तर परत वाचता येतं. रेडिओचं तसं नाही. वाक्य कानावरून गेलं की गेलं. म्हणून तिथं सोपं आणि नेमकं बोलावं लागतं. ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांच्यापर्यंतही रेडिओ पोचत होता.

याच पुणे केंद्रावरून १९५६ साली एक प्रयोग झाला. पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत श्रोत्यांची मंडळं केली. मंडळानं एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, मग त्यावर बोलायचं, आणि आपल्या शंका केंद्राला कळवायच्या. आपल्या गटाच्या बैठकीसारखंच की हे! मात्र त्या मंडळांत बहुतेक पुरुषच असायचे.

नोकरी करता करता तात्यांचं लिहिणं चालूच राहिलं. शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांच्यासोबत ते गावोगाव जाऊन लोकांपुढं कथा सांगायचे. 'सत्तांतर' ही त्यांची कादंबरी वानरांच्या टोळ्यांवर आहे. तिला १९८३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी आपल्या मराठवाड्यात, अंबाजोगाईला, साहित्य संमेलन भरलं आणि त्याचे अध्यक्ष तात्याच होते. २००१ साली ते गेले.

तात्यांनी माणदेशातल्या माणसांच्या गोष्टी जगाला सांगितल्या. पुढं २००८ साली त्याच माणदेशात, म्हसवडला, 'माणदेशी तरंग' हा सामुदायिक रेडिओ सुरू झाला. तिथं गावच्या बाया स्वतः माइकसमोर बसतात. आधी आपली गोष्ट दुसरं कुणी सांगायचं, आता आपली आपल्याला सांगता येते. इतिहासात झालेला हा बदल आम्हाला फार मोलाचा वाटतो.

पण आपण तो वापरतो का? ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवा. गणपती विसर्जनाची रात्र सरली आणि भूकंप झाला. किती घरं पडली, किती माणसं गेली, हे कागदावर आहे. पण पत्र्याच्या शेडमध्ये बाळंतीण कशी निभावली, पहिली चूल कुणी पेटवली, हे बायांच्याच ध्यानात आहे. आमच्या गटात एक म्हातारी मावशी होती. हे सगळं ती तारखेवार सांगायची. "पुढच्या महिन्यात तुमचं बोलणं रेकॉर्ड करू" असं आम्ही तिला दोन वर्षं म्हणत राहिलो. मावशी गेली. तिचा आवाज आमच्याकडं नाही. चूक आमचीच.

म्हणून मैत्रिणींनो, एवढंच करा. या आठवड्यात आपल्या गटातल्या सगळ्यांत थोरल्या बाईजवळ बसा. तिला विचारून मोबाईलवर तिचं बोलणं घ्या. सुरुवातीला तिचं नाव, गाव आणि तारीख तिलाच सांगू द्या. मधे बोलू नका. ती थांबली तर आपणही थांबा. शिकलेली नाही म्हणून कुणाची गोष्ट छोटी होत नाही. तात्यांचं अख्खं लिहिणं अशाच माणसांच्या जिवावर उभं राहिलं.