पदरचे शब्द, रोजंदारीचा सूर

आमगाव तालुक्यातील एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांच्या घरी एक ध्वनिफीत जपून ठेवलेली आहे. ती नव्वदच्या दशकातली. गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. तेव्हा हा सारा मुलूख भंडारा जिल्ह्यातच होता. गुरुजी स्वतः रचलेली सहा गीते वहीत लिहून रेल्वेने नागपूरला गेले, एका स्टुडिओत पैसे भरले आणि संध्याकाळच्या गाडीने परतले. गायक, ढोलकीवाला, की-बोर्डवाला, सारे स्टुडिओने पुरवलेले. त्यांनी गुरुजींना पूर्वी पाहिले नव्हते, पुढेही पाहिले नाही.

पहिल्याच गीतात गुरुजींनी 'सकारी' आणि 'तरकारी' असे यमक जुळवले होते. झाडीबोलीत 'ळ' नाही, त्याच्या जागी 'र' येतो. 'सकाळी'चे 'सकारी' आणि 'जवळ'चे 'जवर' होते. गायक नागपूरचा, शिवाय रोजच्या रोज निरनिराळ्या माणसांची गीते गाणारा. वहीतले 'सकारी' त्याला लेखनदोष वाटले असावे. त्याने 'सकाळी' गायले आणि पुढच्या ओळीतली 'तरकारी' एकटी पडली. ढोलकी मात्र समेवर चोख पडते. ही फीत प्रथम ऐकली तेव्हा मला हसू आले. नंतर लक्षात आले, की आपण जे ऐकत आहोत ते चुकलेले गाणे नसून दोन माणसांमधला सांधा आहे.

हा व्यवहार आपल्याकडचाच आहे असे नाही. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभापासून मासिकांच्या मागच्या पानांवर 'गीते हवीत' अशा जाहिराती येत. कविता पाठवली की स्तुतीचे पत्र यायचे, पाठोपाठ ध्वनिमुद्रणाचे शुल्क कळायचे. स्टुडिओतले पगारी वादक अशी गीते एका दमात, एकापाठोपाठ एक वाजवून मोकळे होत. त्यांतला रॉड कीथ हा विलक्षण प्रतिभेचा संगीतकार. तो १९७४ साली वारला. १९९६ साली त्याचा मुलगा, सॅक्सोफोनवादक एलरी एस्केलिन याने बापाची निवडक मुद्रणे प्रकाशात आणली, तेव्हा लोकांचे तिकडे लक्ष गेले. पण तिकडच्या रसिकांच्या कौतुकात थट्टेचा अंश बराच असतो. 'इतके वाईट की चांगले' ही ती वृत्ती. मला ती आपल्या गुरुजींना लावता येत नाही.

कारण आपल्याकडे फसवणूक हा या व्यवहाराचा गाभा नव्हता. ग्रामोफोन कंपनीच्या मक्तेदारीच्या काळात गावच्या कवीला तबकडी निघण्याचे स्वप्नही पडत नसे. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली, १९८३ साली गुलशन कुमार यांची टी-सीरिज आली आणि गल्लीबोळांतले छोटे निर्माते उभे राहिले. पीटर मॅन्युएल यांनी १९९३ च्या आपल्या ग्रंथात उत्तर भारतातील या उलथापालथीचा अभ्यास केला आहे. विदर्भात भीमगीते, भजने, जत्रेची गाणी असा त्याचा पसारा झाला. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला ज्यांनी दुकानांच्या रांगांतून एकाच वेळी दहा ध्वनिवर्धक ऐकले आहेत, त्यांना अधिक सांगायला नको. शिवाय पैसे देऊन कलावंत बोलावण्यात झाडीपट्टीला कधी कमीपणा वाटला नाही. धानाची कापणी झाली, मंडई भरली, की गावोगावची मंडळे वडशाच्या नाटक कंपन्यांशी करार करतातच. गुरुजींनी तेच केले, फक्त संहिता आपली दिली.

आता एक गोष्ट साहित्याच्या विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात घ्यावी. या गीतांच्या शेवटच्या कडव्यात बहुधा कवीचे नाव गुंफलेले असते. ती संतांच्या नाममुद्रेची परंपरा. वामनदादा कर्डकांसारख्या लोकशाहिरांनी ती विसाव्या शतकात चालवली. कीर्तनकार 'तुका म्हणे' म्हणतो तेव्हा तो तुकोबांचा आवाज उसना घेतो आणि ऐकणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही. पण भाड्याच्या गायकाच्या तोंडी जेव्हा एका अपरिचित शाळामास्तराचे नाव येते, तेव्हा काय होते? गुरुजींच्या फितीत त्या नावाला एक मात्रा जास्त आहे. गायक ती दुसऱ्या अक्षरावर दाबून बसवतो, आणि मग, कुणी सांगितले नसताना, नावावर एक छोटीशी मुरकी घेतो. दिवसभराच्या मजुरीत ती मोजली जात नाही.

त्या मुरकीपाशी मी अनेकदा थांबलो आहे. आमगावजवळचे पदमपूर हे भवभूतीचे जन्मस्थान मानले जाते. काळ अनंत आहे आणि पृथ्वी विपुल आहे, कधीतरी कुठेतरी आपला समानधर्मा जन्मेल, हा त्याचा विश्वास आपण वर्गात दरवर्षी शिकवतो. त्याच्याच गावाशेजारच्या या कवीला थांबायला वेळ नव्हता. त्याने तासाभराचा समानधर्मा पैसे मोजून मिळवला. ही तुलना कुणाला औद्धत्याची वाटेल. वाटो.

अडचण आहे ती आपल्या इतिहासलेखनाची. डॉ. हरिश्चंद्र बोरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या खटपटीमुळे झाडीबोलीचे छापील साहित्य आज अभ्यासात आले, ही मोठीच गोष्ट. फितींकडे मात्र कोणी वळले नाही. छापील पुस्तकाची एखादी प्रत ग्रंथालयात उरते; फितीला बुरशी धरते, ती यंत्रात गुंतते, आणि ती वाजवणारी यंत्रेही आता दुरुस्त होत नाहीत. बोलीचा अभ्यासक 'सकारी'चा पुरावा शोधायला वहीकडे जाईल, आणि ते योग्यच. पण बोली आणि प्रमाणभाषा यांची झटापट प्रत्यक्ष ऐकायची तर त्या 'सकाळी'कडेच जावे लागेल, कारण तिथे दोघीही एकाच ओळीत हजर आहेत.

मागच्या उन्हाळ्यात त्या फितीची नक्कल करून घ्यायला गेलो होतो. गुरुजी आता नाहीत. त्यांच्या सूनबाई तांदूळ निवडत होत्या. फीत सुरू झाली तशा त्या खालच्या आवाजात गायकाबरोबर गुणगुणू लागल्या. ओळ आली तेव्हा गायक 'सकाळी' म्हणाला. त्या 'सकारी' म्हणाल्या, आणि सूप पाखडत पुढच्या ओळीवर गेल्या.